‘द फेटल ग्लास ऑफ बिअर’ : खोट्या बर्फातला खरा हिशोब

आजचा विषय वीसेक मिनिटांचा एक सिनेमा आहे आणि मला बोलायला पाऊण तास दिलेला आहे. हे प्रमाणच थोडं विनोदी आहे. (हशा) पण सिनेमा असा आहे, की पहिल्यांदा पाहणारा बहुतेक वेळा हसत नाही. ‘हे काय चाललंय?’ असं विचारतो. मला वाटतं, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने सोडू नये.

सिनेमाचं नाव ‘द फेटल ग्लास ऑफ बिअर’, म्हणजे बिअरचा जीवघेणा ग्लास. तो मार्च १९३३ मध्ये आला. निर्माता मॅक सेनेट, दिग्दर्शक क्लाइड ब्रकमन, मुख्य भूमिकेत डब्ल्यू. सी. फील्ड्स. ब्रकमन हे नाव तुम्ही बस्टर कीटनच्या ‘द जनरल’च्या श्रेयनामावलीत वाचलेलं असेल, तोच हा. सेनेट म्हणजे मूकपटांच्या काळातला धांगडधिंग्याचा सम्राट, कीस्टोनवाला. फील्ड्सने त्याच्याकडे १९३२-३३ मध्ये चार लघुपट केले, एक दंतवैद्यावर, एक औषधांच्या दुकानदारावर, एक न्हाव्यावर आणि हा. बाकीचे तीन धंद्यांवरचे आहेत आणि सरळ हसवतात. हा चौथा मात्र वेगळ्याच जातीचा आहे.

आता, याला वेस्टर्नचं विडंबन म्हणावं का? काटेकोरपणे पाहिलं तर हा ‘वेस्टर्न’ नाही, त्याचा थंडीतला चुलतभाऊ आहे. १८९६ नंतर कॅनडाच्या युकॉन भागात सोन्यासाठी माणसांचा लोंढा लोटला. त्यावर कादंबऱ्या आल्या, कविता आल्या, नाटकं आली, मग सिनेमे आले. रेक्स बीचच्या ‘द स्पॉयलर्स’ या अलास्कातल्या सोन्याच्या कादंबरीवर १९१४, १९२३ आणि १९३० असे तीनदा सिनेमे निघाले होते. वेस्टर्नमधलं सगळं सामान इथे जसंच्या तसं आहे, फक्त वाळवंटाच्या जागी बर्फ, घोड्याच्या जागी कुत्र्यांची घसरगाडी, शेरिफच्या जागी लाल डगल्यातला घोडेस्वार पोलीस. ओसाड प्रदेश, एकटी झोपडी, कष्टाळू म्हातारा, शहरात जाऊन बिघडलेला मुलगा, वाट बघणारी आई. चॅप्लिनने १९२५ मध्ये ‘द गोल्ड रश’ याच बर्फात केला. पण चॅप्लिनला त्या जगाबद्दल माया आहे. त्याला भूक खरी वाटते, म्हणून तो बूट शिजवतो तेव्हा आपण हसतो आणि आत कुठेतरी कळ येते. फील्ड्सला त्या जगातलं काहीच खरं वाटत नाही, आणि आपल्यालाही वाटू नये याची तो पुरेपूर काळजी घेतो.

कथा सांगतो. दोन ओळींची आहे. स्नेव्हली नावाचा म्हातारा झोपडीत बसलाय. त्याचा मुलगा चेस्टर शहरात गेला, तिथे दारूचा पहिला ग्लास प्यायला, पुढे बँकेतले रोखे चोरल्याच्या आरोपावरून तुरुंगात गेला. आता तो सुटून घरी येतो. बस्स.

सुरुवातीला पोलीस अधिकारी येतो आणि मुलाचं ते गाणं ऐकवा म्हणतो. स्नेव्हली एक तंतुवाद्य मांडीवर घेतो आणि हातातले जाड लोकरी मोजे न काढता तारा छेडायला लागतो. (हशा) सूर कुठे लागत नाही, ताल कुठे सापडत नाही. गाणं मूळचं चार्ली केस नावाच्या व्होडव्हिल कलावंताचं, दारूबंदीच्या रडक्या गाण्यांची टर उडवणारं. खेड्यातला भाबडा मुलगा, शहरातली वाईट संगत, एक ग्लास, आणि मग सर्वनाश. पण सर्वनाश कसला? तर पिऊन झोकांड्या खाताना तो साल्व्हेशन आर्मीच्या एका मुलीची खंजिरी फोडतो, आणि ती मुलगी पूर्वी नाचणारी असल्यामुळे तिची लाथ थेट त्याच्या कपाळापर्यंत पोचते! गाण्याचं तात्पर्य म्हणजे लोकांच्या खंजिऱ्या फोडत हिंडू नये. आणि हे ऐकून तो आडदांड पोलीस ढसाढसा रडतो. रिचर्ड क्रेमर या नटाने ते रडणं अगदी प्रामाणिकपणे केलंय. तो जरा जरी डोळा मिचकावता, तरी प्रसंग पडला असता.

इथे मला आपल्याकडचा एक विचार फार उपयोगी वाटतो. भरताने नाट्यशास्त्रात म्हटलं की शृंगाराच्या अनुकरणातून हास्य निर्माण होतं. अभिनवगुप्ताने ते पुढे नेलं. त्याचं म्हणणं असं की शृंगारच कशाला, कुठल्याही रसाचा आभास झाला की हास्य होतं. करुणाचा आभास झाला तरी हास्यच. आता ‘आभास’ म्हणजे काय? रडणं खरं आहे, अश्रू खरे आहेत, पण ज्यासाठी रडायचं ते कारण त्या रडण्याला पेलत नाही. शिंपल्यात चांदी दिसावी, तसा खंजिरीत शोक दिसतो. विडंबनावर पाश्चात्त्य समीक्षेत पुष्कळ लिहिलं गेलंय, पण त्या पोलिसाचं रडणं इतक्या नेमकेपणाने समजावणारं दुसरं सूत्र माझ्या पाहण्यात नाही. आणि हे हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये बसलेल्या माणसाने सांगून ठेवलंय.

‘एक ग्लास’ म्हटल्यावर तुमच्या मनात काय आलं ते मला इथूनही दिसतंय. (हशा) ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं, गडकरी गेले त्याच वर्षी. अमेरिकेत दारूबंदीची घटनादुरुस्ती मंजूर झाली तीही १९१९ च्या जानेवारीत. कुणी कुणाचं घेतलं असं मी म्हणत नाही, तसं काही नाहीच. पण दारूच्या एका घोटाने सबंध आयुष्य कोसळतं, ही एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकी नाटकांची जगभरची कल्पना होती. अमेरिकेत ‘द ड्रंकर्ड’ हे नाटक १८४४ पासून ती पोसत होतं. गडकऱ्यांनी काय केलं? शोक सुधाकर-सिंधूकडे ठेवला आणि थट्टा तळीराम आणि त्याच्या आर्य मदिरा मंडळाकडे दिली. दोन्ही एकाच नाटकात, पण खोल्या वेगळ्या. प्रेक्षक एका खोलीत रडला आणि दुसऱ्या खोलीत हसला. फील्ड्सने मधली भिंतच पाडली. इथे रडण्याच्याच खोलीत हसावं लागतं. मला स्वतःला गडकऱ्यांची वाट अधिक अवघड वाटते, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, तो म्हणजे बर्फ.

सिनेमाभर स्नेव्हली पुन्हा पुन्हा झोपडीचं दार उघडतो, बाहेर बघतो आणि एकच वाक्य गंभीरपणे म्हणतो, की असल्या रात्री माणसाने काय, जनावरानेही बाहेर पडू नये. वाक्य संपलं रे संपलं की पडद्याच्या कडेबाहेरून कुणीतरी मूठभर बर्फ त्याच्या तोंडावर फेकतं. वादळाचा झोत वगैरे नाही. अगदी सरळ मूठभर. फेकणारा हात दिसत नाही, पण तो हात आहे हे लपवण्याचा कुणी प्रयत्नही करत नाही. हे एकदा होतं, दोनदा होतं, मग होतच राहतं.

हे विनोदी का आहे? कांटने सांगितलंय की ताणलेली अपेक्षा अचानक शून्यात विरली की हसू येतं. इथे उलट आहे! अपेक्षा विरत नाही, दरवेळी तंतोतंत पूर्ण होते. वाक्य सुरू झालं की आपल्याला ठाऊक असतं, बर्फ येणार. आणि येतो. बर्गसाँ म्हणेल, सजीवावर यंत्राचा लेप चढला की हसू येतं, आणि स्प्रिंगच्या बाहुलीचं उदाहरण देईल. ती डबीत दाबा, उसळून वर येते. हे जवळचं आहे, पण पुरेसं नाही. कारण बाहुली दाबल्यामुळे उसळते. इथे बर्फ कशामुळे येतो?

माझं म्हणणं असं की बर्फ वाक्यामुळे येतो. निदान आपल्याला तसं वाटायला लागतं. डेव्हिड ह्यूम म्हणाला होता, कार्यकारण आपल्याला दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की एक गोष्ट झाली आणि तिच्यामागून दुसरी झाली, पुन्हा झाली, पुन्हा झाली, आणि मनाला सवय लागली. आपल्याकडे म्हणतात, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. तो योगायोग, कारण नव्हे. पण समजा, कावळा दरवेळी बसला आणि फांदी दरवेळी मोडली, तर? चौथ्या वेळी तुम्ही कावळ्याला हाकलायला जाल की नाही? (हशा) पहिल्या वेळी बर्फ हा योगायोग असतो. तिसऱ्या वेळी तो नियम होतो. आणि एवढा पक्का नियम या माणसाला मात्र कळत नाही. तो पुन्हा दार उघडतो, पुन्हा तेच वाक्य म्हणतो. ह्यूमची सवय प्रेक्षकाला लागलीय, पात्राला लागत नाही. विनोद या फरकात आहे.

आता हे ध्यानात घ्या, की हा विनोद मूकपटात होऊच शकला नसता. मूकपटात आधी वादळ दाखवायचं आणि मग माणूस कुडकुडताना दाखवायचा. पाटीवर वाक्य लिहिलं असतं तर पाटी आणि बर्फ यांच्यामध्ये चित्र तुटलं असतं. उच्चारलेला शब्द, त्याचा शेवटचा स्वर, आणि त्या स्वरावर पडणारी मूठ, या तिन्हींना एकच श्वास लागतो. बोलपट येऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. मोकळ्या मैदानात ध्वनिमुद्रण करून गाजलेला ‘इन ओल्ड अ‍ॅरिझोना’ हा वेस्टर्नच होता. सगळे जण आवाज अधिकाधिक खरा कसा होईल या मागे होते. खुरांचे आवाज, वाऱ्याचे आवाज, बंदुकीचे बार. फील्ड्सने उलट सिद्ध केलं, की आवाज हवामानसुद्धा पैदा करू शकतो. शिवाय हा माणूस मूळचा हातचलाखीवाला, चेंडू आणि सिगारच्या पेट्या हवेत फेकून झेलणारा. सिनेमात येण्यापूर्वी कित्येक वर्षं त्याने रंगमंचावर तेच केलं. फेकलेली वस्तू नेमकी कुठल्या क्षणाला पोचली पाहिजे, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. इथे फक्त झेलायला हाताऐवजी तोंड आहे.

मागच्या पडद्यावरची दृश्यंही अशीच. स्नेव्हली बाहेर निघतो तेव्हा त्याच्यामागे प्रक्षेपित केलेला बर्फाळ प्रदेश इतका उघड खोटा आहे, की तो त्यापुढे उभा राहिल्यासारखाच दिसतो. एल्क नावाच्या प्रचंड सांबराची धार काढायला निघालेला हा गृहस्थ जनावरांना हाका मारतो आणि ती पडद्यावरची जनावरं आपल्या वाटेने निघून जातात. काही समीक्षक म्हणतात, सेनेटकडे पैसे नव्हते म्हणून असं झालं. पैसे नव्हते हे खरं, त्याच वर्षाच्या अखेरीस त्याची कंपनी दिवाळखोरीत गेली. पण गरिबीमुळे खोटं दिसणं आणि खोटेपणाकडे बोट दाखवणं यात फरक आहे. हाताने बर्फ फेकणारा माणूस मागचा पडदा लपवेल कशाला? तरी प्रांजळपणे सांगतो, हा मधला भाग मला रेंगाळलेला वाटतो. एल्कची गंमत एकदा कळली की पुढे त्यात काही उरत नाही. बर्फासारखी ती वाढत जात नाही. मात्र एक ओळ अपवाद. घसरगाडीच्या म्होरक्या कुत्र्याचं काय झालं, तर तो खाल्ला, आणि मोहरीच्या चटणीबरोबर छान लागला! अलास्कातल्या नोम गावी औषध पोचवणाऱ्या बाल्टो नावाच्या म्होरक्या कुत्र्याचा पुतळा १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात उभा राहिला होता. म्होरक्या कुत्रा म्हणजे तेव्हा जवळजवळ संतपदाला पोचलेला प्राणी. त्याच्याबरोबर मोहरी. (हशा)

आता चेस्टर घरी येतो. हा भाग खरा काळा आहे आणि याच्यासाठीच मी हा सिनेमा निवडला.

मुलगा येतो, रडतो, आईबाप रडतात, जेवण होतं. मग झोपायची वेळ. ‘गुड नाइट’ची देवाणघेवाण इतकी लांबते, की शब्दांमधला अर्थ निथळून जातो आणि नुसता आवाज उरतो. त्यानंतर आई एकटी मुलाकडे जाते. विचारते, खरं सांग, रोखे तूच चोरलेस ना? तो हो म्हणतो. ती म्हणते, मला माहीत होतं, पण बापाला सांगू नकोस, त्याचं काळीज फुटेल. मग बाप एकटा येतो. तोच प्रश्न, तेच उत्तर, तीच विनंती, की आईला सांगू नकोस. दोघांनाही सगळं ठाऊक आहे. पण दुसऱ्याला ठाऊक आहे, हे मात्र दोघांनाही ठाऊक नाही. डेव्हिड लुईस या तत्त्वज्ञाने १९६९ च्या आपल्या पुस्तकात नेमका हा भेद मांडला. सगळ्यांना माहीत असणं ही एक गोष्ट, आणि ‘सगळ्यांना माहीत आहे हे सगळ्यांना माहीत असणं’ ही निराळी गोष्ट. कुटुंब नावाची संस्था बऱ्याच अंशी पहिल्या प्रकारावर चालते, हे मी तुम्हाला सांगायला नको. आपल्या घरोघरी ‘बाबांना कळू देऊ नकोस हं’ चाललेलं असतंच, आणि बाबांना बहुधा कळलेलं असतं.

इथपर्यंत थट्टा मायेची आहे. मग चेस्टर पश्चात्तापाच्या भरात सांगून टाकतो, की तो पापाचा पैसा मी फेकून दिला.

आणि आईबापांचा चेहरा बदलतो. म्हणजे तुझ्याकडे काहीच नाही? आणि तू आता जन्मभर आमच्या जिवावर बसून खायला आलास? हाताला लागेल ते उचलून दोघं त्याच्या डोक्यात घालतात आणि पोटच्या पोराला उचलून त्याच बर्फात फेकून देतात.

बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. त्या मुलानेही बापाचा पैसा उडवला, कफल्लक होऊन परत आला, आणि बापाने धावत जाऊन मिठी मारली, मेजवानी दिली. त्या गोष्टीचा गाभाच हा, की क्षमेला किंमत नसते. इथे गंमत बघा. चोरीला क्षमा आहे. चोरी केल्याबद्दल आईबापांच्या मनात कणभर राग नाही. क्षमा नाही ती पैसा फेकल्याला! म्हणजे चेस्टरच्या आयुष्यातली एकमेव नैतिक कृती, निदान त्याला स्वतःला नैतिक वाटणारी, तीच शिक्षेला पात्र ठरते.

यावरून काही जण म्हणतात, हा सिनेमा निव्वळ तुच्छतावादी आहे, कशावरच श्रद्धा नसलेल्या माणसाचा. मला हे पटत नाही. फील्ड्स क्षमेची थट्टा करत नाही. रडक्या नाटकांत क्षमा इतकी स्वस्त झाली होती, की तिचा जमाखर्च कुणी तपासतच नव्हतं. मुलगा आला, रडला, पडदा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो काय खाणार, हा प्रश्न त्या नाटकांत कधी येत नाही. फील्ड्स पडदा पडू देत नाही, दोन मिनिटं पुढे जातो आणि तो प्रश्न विचारतो. उत्तर भयंकर आहे, पण ते उत्तर फील्ड्सचं नाही, त्या झोपडीचं आहे.

इथे तारखांकडे बघायला हवं. मूळ प्रहसन ‘द स्टोलन बाँड्स’ फील्ड्सने १९२८ मध्येच न्यूयॉर्कच्या रंगमंचावर केलं होतं, अर्ल कॅरोलच्या ‘व्हॅनिटीज’मध्ये. म्हणजे शेअरबाजार कोसळण्याच्या आधी. तेव्हा मंदीने हा विनोद लिहिला, असं म्हणता येणार नाही. पण सिनेमा आला मार्च १९३३ मध्ये. मधल्या तीन वर्षांत अमेरिकेतल्या हजारो बँका बुडाल्या होत्या. ४ मार्चला रूझवेल्टने शपथ घेतली, ६ मार्चपासून देशभरातल्या बँकांना सक्तीची सुट्टी दिली. २२ मार्चला हलक्या बिअरला परवानगी देणाऱ्या कायद्यावर सही केली, ७ एप्रिलला बिअर उघडपणे विकली जाऊ लागली. दारूच्या एका ग्लासाने होणारा नाश आणि बँकेतून गायब झालेले रोखे, असे दोन विषय घेऊन सिनेमा यावा आणि त्याच महिन्यात बँका बंद, बिअर चालू व्हावी! १९२८ च्या प्रेक्षकाने ‘आमच्या जिवावर बसून खाणार?’ याकडे अतिशयोक्ती म्हणून पाहिलं असेल. १९३३ मध्ये कित्येक घरांत परत आलेला, काम नसलेला मोठा मुलगा खरोखरच बसलेला होता. वाक्य तेच राहिलं आणि त्याच्याखालची जमीन सरकली.

सिनेमा तेव्हा फारसा आवडला नाही. चित्रपटगृहांच्या मालकांनी तक्रारी केल्या, की हे आम्ही लोकांना काय म्हणून दाखवायचं? मला त्या मालकांचा राग येत नाही. त्यांच्या धंद्याच्या दृष्टीने ते बरोबरच होते. विडंबनाला ज्याची टर उडवायची त्या गोष्टीची आठवण ताजी लागते, पण श्रद्धा शिळी लागते. १९३३ मध्ये आठवण ताजी होती आणि श्रद्धाही पुरती शिळी झाली नव्हती. पुढच्याच वर्षी फील्ड्सने ‘द ओल्ड फॅशन्ड वे’ या मोठ्या चित्रपटात ‘द ड्रंकर्ड’ नाटकाचाच प्रयोग घातला. तिथे ते नाटक रंगमंचावर आहे हे प्रेक्षकाला स्पष्ट दिसतं, चौकट दाखवलेली आहे, त्यामुळे हसायला परवानगी मिळते. या लघुपटात चौकट नाही, परवानगी नाही. हसायचं तर स्वतःच्या जबाबदारीवर.

एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. ‘चेस्टरने पैसा फेकला ही नैतिक कृती कशी?’ चांगला प्रश्न आहे. मी मघाशी ‘त्याला स्वतःला वाटणारी’ असं म्हटलं, ते याचसाठी. कांटच्या चष्म्यातून पाहिलं तर ती नैतिक नाहीच. चोरलेली वस्तू फेकून देणं म्हणजे आपला हात धुणं, ऋण फेडणं नव्हे. त्याने पैसे बँकेला परत करायला हवे होते. आणि आता सिनेमा पुन्हा बघा. वीस मिनिटांत मुलगा आहे, आई आहे, बाप आहे, लाल डगल्यातला कायद्याचा रक्षक आहे. रोख्यांचा विषय वारंवार निघतो. पण ते बँकेला परत करावेत, हे यांच्यापैकी एकाच्याही तोंडून येत नाही.

पुढची चिठ्ठी द्या.